कादंबरी आली, वडे संपले, पुस्तकं उरली. आता पुढे काय?

कांडीवाली | रविवार, रात्री ११:५२

बारा वर्षं इथे वाचनमात्र आहे. मधे कधीतरी कुणाच्या पाककृतीवर "मीठ कमी पडलं" एवढं लिहिलं असेल तेवढंच. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझी पहिली कादंबरी गेल्या महिन्यात आली. इचलकरंजीतल्या एका खर्चीवाल्याच्या घराची गोष्ट आहे, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपले फक्त चार साधे यंत्रमाग, मजुरी आणि लाइटचं बिल. आमच्याच घरची म्हणा ना. शाळेतून आल्यावर मी कांड्या भरायचे, म्हणून हा आयडी. आता नोकरी पुण्यात, बँकेत, त्यामुळे लिहिणं पहाटे पाच ते सात, आणि असं करत करत सहा वर्षं गेली.

प्रकाशकांनी पाचशे प्रती काढल्या, त्यातल्या दोनशे मी ४० टक्के सवलतीत विकत घ्यायच्या अशी अट होती. किंमत ३२०, म्हणजे मला १९२ ला एक, एकूण ३८,४००. दिले. मग प्रकाशन समारंभ, तोही आमच्याच खर्चाने, टिळक रोडवरच्या एका हॉलमध्ये. लाल रिबिनीला आमच्या पुतणीने इतकी पक्की गाठ मारलेली की सुटेचना, शेवटी तीन मान्यवर आणि मी मिळून कागद ओरबाडला, फोटोत आम्ही चौघं कोंबडी सोलतोय असं दिसतं. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही हे दुसऱ्या मिनिटाला कळलं, कारण ते चरख्याबद्दल बोलायला लागले. चरख्यावरून गांधीजी, गांधीजींवरून स्वतःचं बालपण, तिथून स्वतःची आगामी तीन पुस्तकं. पंचावन्न मिनिटं. मला सात मिनिटं मिळाली.

माणसं आली साधारण एकशे चाळीस. मावसभाऊ दाराशी टेबल टाकून बसला होता, २० टक्के सूट, स्कॅन करून पैसे द्यायची सोय, सगळं. विकल्या गेल्या ३७ प्रती. गल्ला ९,४७२ रुपये. वडा-चहाच्या दोनशे प्लेटांचं बिल ९,०००. वडे मात्र संपले हो, शेवटच्या रांगेला नुसता चहा मिळाला म्हणून एक काका अजून रागावलेत.

त्यानंतर ५२ प्रती भेट गेल्या (काका, मामा, साहेब, अभिप्रायार्थ). घरात दिवाणाखाली १११ आहेत, डांबरगोळ्या टाकून. नातेवाइकांच्या ग्रुपवर ८६ अंगठे आले, त्यातल्या दोघांनी पुस्तक घेतलं. दुकानांत गेले तर "कुठलं? नाही आलं अजून."

तर प्रश्न असा की लेखकाने स्वतःच्या पुस्तकासाठी किती फिरावं? कुठपर्यंत ते ठीक आणि कुठून पुढे ती भीक होते? मला खरंच कळत नाहीये. ओळखीचं माणूस समोरून आलं की मी हल्ली रस्ता ओलांडते, त्यालाही तेच वाटत असणार बहुतेक.

---

तर्रीबाज | रविवार, रात्री ११:५८

पहिला!

वडे कुठले होते? आणि कादंबरीचं नाव काय?

---

सोळापानी | सोमवार, सकाळी ७:१५

अभिनंदन ताई. मी या धंद्यात एकवीस वर्षं आहे, कुठे ते विचारू नका. प्रकाशक खलनायक वाटायच्या आधी हिशेब बघा जरा.

२२४-एक पानं असतील ना? म्हणजे सोळापानी चौदा फर्मे (एकदम छापून घडी घातलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा). पाचशे प्रती, नॅचरल शेड सत्तर जीएसएम, मुखपृष्ठ चार रंगी, मॅट लॅमिनेशन. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीला शंभराच्या वर जातातच. त्यात डीटीपी, दोन प्रुफं, चित्रकाराचं मानधन. माझ्या अंदाजाने सगळं मिळून पाऊण लाख, म्हणजे प्रतीला दीडशे. वितरकाला ५० टक्क्यांनी दिलं तर हातात १६०. त्यातून तुमचं मानधन १० टक्के म्हणजे ३२ गेलं. उरले १२८. दीडशेची वस्तू एकशे अठ्ठावीसला. आणि न विकलेल्या प्रती कोपरे दुमडून परत येतात ते वेगळंच. म्हणून तुमच्या गळ्यात दोनशे मारल्या. चांगलं केलं असं म्हणत नाही, का केलं ते सांगतोय.

पहिली आवृत्ती पूर्वी हजार-अकराशेची असायची, आता पाचशे, कुठे कुठे तीनशे. डिजिटल छपाईत पन्नाससुद्धा निघतात. तेव्हा "आवृत्ती संपली" अशी पोस्ट दिसली की किती प्रतींची ते विचारत चला.

दुकानांबद्दल: दुकानदार ओळखीच्या लेखकाचं किंवा गिऱ्हाईक मागतं ते ठेवतो. फळीची जागा फुकट नसते. तुमच्या दहा ओळखीच्यांना दहा वेगवेगळ्या दिवशी जाऊन पुस्तक मागायला सांगा, अकराव्या दिवशी ते मागवतात. जुनी युक्ती आहे, अजून चालते.

---

खडूस_आजोबा | सोमवार, सकाळी ९:३०

आमच्या वेळी लेखक लिहायचा आणि वाचक वाचायचा. आता लेखक नाचतो आणि वाचक अंगठा दाखवतो. पुस्तकात दम असेल तर ते आपोआप पोचतं. लेखकाने दारोदार फिरू नये, शोभत नाही. स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

---

हरकत_आहे | सोमवार, सकाळी १०:०५

आजोबा, "आपोआप" हा माणूस कोण? त्याचा नंबर द्या, सगळे लेखक त्यालाच कामाला ठेवतील.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि कादंबऱ्या त्यात हप्त्याहप्त्याने छापल्या. छापखान्याकडून लोकांच्या माजघरापर्यंत पोचायचा रस्ता त्यांनी आधी स्वतः बांधला. याला तुम्ही काय म्हणाल, नाच? रस्ता तेव्हाही लेखकालाच बांधावा लागत होता, फक्त आता तो मोबाइलमधून जातो म्हणून आपल्याला हलका वाटतो.

---

खडूस_आजोबा | सोमवार, सकाळी १०:४०

त्यांनी साप्ताहिक काढलं, स्वतःच्या फोटोवर गाणं लावून नाही टाकलं. फरक आहे.

---

तर्रीबाज | सोमवार, सकाळी १०:४२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वडे संपलेत म्हणे.

---

मिनीमाऊ | सोमवार, दुपारी १:२०

ताई मी २३ वर्षांची आहे आणि पुस्तकांचे रील्स करते, फॉलोअर्स फार नाहीत पण जे आहेत ते खरंच वाचणारे आहेत. मला रोज तीनतरी लेखक मेसेज करतात आणि सगळ्यांचा मेसेज सेम, "नमस्कार, माझे पुस्तक प्रकाशित झाले आहे, कृपया परिचय करून द्यावा", सोबत मुखपृष्ठाचा फोटो आणि शाल पांघरलेला फोटो. शालीचा फोटो बघून आजवर एकही पुस्तक घ्यावंसं वाटलेलं नाही मला, सॉरी.

पण तुम्ही कांड्या भरायचे लिहिलंत ना तिथे मी थांबले. कांडी म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. मागाचा आवाज कसा असतो? कुणाकडे चालू असतील तर वीस सेकंद रेकॉर्ड करा आणि त्यावर कादंबरीतलं एक वाक्य वाचा, तुमच्याच आवाजात. चेहरा नका दाखवू वाटत असेल तर. "खरेदीसाठी लिंक" पहिल्याच ओळीत नका टाकू, लोक पळतात.

---

कांडीवाली | सोमवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार.

सोळापानी, हिशेब वाचून प्रकाशकांवरचा निम्मा राग गेला. उरलेला निम्मा "सर्व प्रमुख दुकानांत उपलब्ध" या वाक्यावर आहे, तो ठेवते.

मिनीमाऊ, कांडी म्हणजे आडव्या धाग्याचं सूत जिच्यावर गुंडाळतात ती. ती धोट्यात बसते, धोटा इकडून तिकडे पळतो. कांडी संपली की माग थांबवून दुसरी घालायची. आवाज म्हणाल तर चार माग चालू असले की शेजारच्याशी ओठांवरून बोलतात. आमच्याकडे सगळे मोठ्याने बोलतात ते त्यामुळेच, पुण्यात आल्यावर लोकांना वाटायचं मी भांडतेय.

आजोबा, राग नाही. मलाही आतून तुमच्यासारखंच वाटतं, तीच तर पंचाईत आहे.

---

संपादक मंडळ | सोमवार, रात्री ११:००

पुस्तकाचे नाव, प्रकाशन संस्थेचे नाव आणि खरेदीचे दुवे असलेले तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत. जाहिरातीसाठी स्वतंत्र विभाग आहे. धाग्याचा विषय चांगला आहे, तो तसाच राहू द्यावा.

---

तर्रीबाज | सोमवार, रात्री ११:०३

णिषेध! म्हणजे पुस्तकाच्या जाहिरातीबद्दलचा धागा आणि त्यात पुस्तकाचंच नाव नाही. लग्नात सगळं आहे, नवरी तेवढी नाही.

ताई, नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

क_वर्ग | मंगळवार, दुपारी ३:४०

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमचं क वर्गाचं आहे (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९६७ च्या कायद्याप्रमाणे शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान वर्गाप्रमाणे). लेखक मंडळी पुणे-मुंबईच्या दुकानांच्या मागे लागतात, पण राज्यात अशी हजारो वाचनालयं आहेत तिकडे कुणी बघत नाही, म्हणून लिहितेय.

एक, फुकट प्रती नका पाठवू. फुकट आलेलं पुस्तक 'देणगी' म्हणून नोंदवलं जातं आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच मुक्काम करतं. आम्ही अनुदानाचा हप्ता आला की एकदम खरेदी करतो, साधारण जो विक्रेता जास्त कमिशन देतो त्याच्या यादीतून. यादीत चारशे नावं असतात. त्यातलं तुमचंच का उचलायचं याचं काहीतरी कारण आम्हाला द्या. साधं पोस्टकार्ड चालेल, हाताने लिहिलेलं. माझ्याकडे आठ वर्षांत दोन लेखकांची आली, दोन्ही पुस्तकं मी घेतली.

दुसरं, वाचनालयात पुस्तक फिरतं ते परीक्षणामुळे फार कमी. पेपरात आलं की चार दिवस विचारणा होते, मग बंद. खरं फिरतं ते देवघेवीच्या टेबलावर. "मॅडम, काय घेऊ?" असं विचारणाऱ्या रोज दहा-पंधरा जणी असतात. परत आलेलं पुस्तक मी लगेच कपाटात लावत नाही, टेबलावरच उताणं ठेवते. जे टेबलावर असतं ते जातं.

आणि आमचे वाचक शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने अभिप्राय लिहितात. नियमाविरुद्ध आहे, मी खोडत नाही. "बरी आहे." "मधली शंभर पाने सोडली तरी चालते." "शेवट भिकार." एका कादंबरीवर पाच वेगवेगळ्या अक्षरांत भांडण झालंय की नायिकेने परत जायला हवं होतं की नाही. त्या लेखकाला हे कळलं तर तो सगळे पुरस्कार परत करेल.

---

हरकत_आहे | मंगळवार, दुपारी ४:१०

क_वर्ग, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली). त्या शेवटच्या पानांवर वेगळा धागा काढाच, मी वाट बघतोय.

---

सिएटलचा_पाऊस | मंगळवार, संध्याकाळी ६:०२

इकडून एक वेगळी अडचण. मला मराठी पुस्तक घ्यायचं असतं, पैसेही द्यायचे असतात, पण ३२० रुपयांच्या पुस्तकाला टपालाचेच दोन-तीन हजार होतात. मग आई येताना आणते, लोणचं आणि पुस्तकं यात वजनाची मारामारी होते आणि लोणचं जिंकतं. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी आहे, ईबुक का नाही काढत लोक? श्राव्यही बघा, स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून त्यावर मराठी आहे. मी भांडी घासताना मराठी कादंबऱ्या ऐकतो, आमच्या घरात एवढीच साहित्यसेवा चालते.

---

सोळापानी | मंगळवार, रात्री ८:३०

ईबुक काढायच्या आधी करारनामा काढून वाचा. ईबुक आणि श्राव्य हक्क कुणाकडे, किती वर्षं, ते बघा. दहातले सात लेखक सही करताना फक्त मुखपृष्ठाचा रंग विचारतात. हक्क प्रकाशकाकडे असतील आणि तो काही करत नसेल तर लेखी विचारा, काही जण सोडतात.

भीती एकच, कुणीतरी पीडीएफ करून फिरवतं. माझ्या एका लेखकाला त्याच्याच कादंबरीची पीडीएफ त्याच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आली, खाली "अप्रतिम, जरूर वाचा, पुढे पाठवा". बिचाऱ्याने हात जोडल्याची खूण टाकली.

---

तर्रीबाज | मंगळवार, रात्री ८:३३

त्याला पण आपोआपच पोचलं म्हणायचं ना आजोबा? (हलके घ्या.)

---

पोस्टातून_निवृत्त | बुधवार, सकाळी ६:५०

टपालाचा विषय निघालाच आहे म्हणून. घरगुती विक्री करणाऱ्या लेखकांना सर्वात मोठा आधार रजिस्टर्ड बुक पोस्टचा होता. ती सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर, तिथून वाढत पाच किलोला १००. जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो. पाकिटावर तसं लिहावं लागतं, पुस्तकात मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं, जाहिराती नकोत. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे.

कांडीवालीताई, तुमचं पुस्तक पाकिटासकट वजन करून बघा. २२४ पानं म्हणजे तीनशेच्या आत बसायला हवं. पाकीट जाड घेतलंत तर मात्र गेलं.

---

कांडीवाली | बुधवार, रात्री ९:४५

काका!!! स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, पाकिटासकट २८४. मी तर आजवर कुरिअरने साठ-सत्तर रुपये घालवत होते प्रत्येकाला.

आज जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊनही आले. खिडकीवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, कादंबरी शैक्षणिक की सामाजिक?" मी म्हटलं सामाजिक. त्याने मलपृष्ठ वाचलं, पूर्ण वाचलं, मागे रांग होती तरी. मग म्हणाला "माझे आजोबा सोलापुरात मागावर होते" आणि शिक्का मारला. पुस्तक नाही घेतलं त्याने, पण नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

आणि एक, व्यनिमधून तुमच्यापैकी १९ जणांनी प्रत मागितली आहे. एकोणीस! मी काही मागितलं नव्हतं. आता दिवाणाखाली ९२.

---

खडूस_आजोबा | बुधवार, रात्री १०:१०

त्या एकोणिसात मी आहे. याचा अर्थ माझं मत बदललं असा काढू नये.

---

सीमेवरचा | गुरुवार, सकाळी ८:२०

बेळगावहून लिहितोय. तुम्ही पुण्यातल्या हॉलला भाडं देता, आमच्याकडे कडोली, येळ्ळूर अशा गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, अख्खं गाव असतं, शेतावरची माणसं मांडवात खाली बसून ऐकतात. तिथे पुस्तकाचा स्टॉल लावा. आमच्याकडे मराठी पुस्तक विकत घेणं नुसतं वाचण्यासाठी नसतं, त्यामागे बरंच काय काय आहे, तो विषय इथे नको. पण एका म्हाताऱ्याने माझ्या मित्राच्या कवितासंग्रहाच्या तीन प्रती घेतल्या होत्या. विचारलं तीन कशाला, तर म्हणाला तीन पोरं आहेत, वाटणीवरून भांडणं नकोत.

इचलकरंजीला तुम्ही अजून कार्यक्रम केला नाही हेच मला नवल वाटतंय. ज्यांची गोष्ट आहे त्यांना सोडून टिळक रोडला कशाला?

---

कांडीवाली | गुरुवार, दुपारी २:०५

सीमेवरचा, खरं सांगू? भीती वाटते. पुण्यात कुणाला मागातलं कळत नाही, मी काहीही लिहिलं तरी खपेल. तिथे प्रत्येकाला कळतं. शिवाय वडलांना ओळखणारे सगळे. "आमच्याबद्दल काय लिहिलंस" म्हणून येतील. वडील असते तर त्यांना विचारलं असतं.

---

क_वर्ग | गुरुवार, दुपारी २:३०

जा. इतकंच.

---

तर्रीबाज | गुरुवार, दुपारी २:३१

जा आणि वडे नेऊ नका. तिकडे त्यांचे त्यांचे चांगले मिळतात.

---

(मधल्या दहा दिवसांत या धाग्यावर रस्सा आणि तर्री यातला फरक, प्रकाशन समारंभात शाल द्यावी की रोपटं, आणि सूत्रसंचालकाने चारोळ्या म्हणाव्यात का यावर ६४ प्रतिसाद आले. त्यातले रश्श्याचे ४१ संपादक मंडळाने वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

---

कांडीवाली | सोमवार, रात्री ११:३०

जाऊन आले.

हॉल नाही घेतला. वडलांच्या एका मित्राच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना. सतरंजी, एक ट्यूबलाइट, आणि सूत हवेत असतंच त्यामुळे सगळे मधूनमधून शिंकत होते. पाहुणे कुणी नाहीत, रिबीन नाही. चाळीसेक माणसं. साठ प्रती घेऊन गेले होते. दोन पानं वाचायची ठरवली होती, बारा वाचली, कारण थांबले की मागून कुणीतरी म्हणायचं "मग?"

मग एक जॉबर उठले, साठीचे असतील. माग बिघडला की ज्यांना बोलावतात ते जॉबर. म्हणाले, "ताई, पान एकसष्ट काढा जरा." पुस्तक त्यांनी मी येण्याआधीच कुणाकडून तरी घेऊन वाचलेलं होतं. "हितं तुमी लिवलंय उभी तार तुटली आन् माग आपोआप थांबला. साध्या मागाला असलं काय नसतंय. तार तुटली तरी त्यो चालतच ऱ्हातोय, बघायचं आपण. थांबतंय ते ऑटो मागावर. तुमच्या वडलांचं माग साधं हुतं." (तार म्हणजे सुताचा धागा.)

मी सहा वर्षं लिहिलं. तीन प्रुफं वाचली. त्या शेडमध्ये मी दहा वर्षं संध्याकाळ काढली आणि हे चुकवलं. आणि चूक बारीक नाहीये, त्या प्रसंगात माग थांबतो म्हणून मुलीला वडलांचं खोकणं ऐकू येतं. थांबायलाच नको होता. आता काय करायचं ते तिथेच ठरलं. जॉबरकाका म्हणाले, "पोरीनं थांबवला लिवा. दांडी वडली. मग बरुबर." मी जागेवर पेन काढून "माग थांबला" खोडून "तिनं दांडी ओढली" केलं. त्यांनी चार प्रती घेतल्या, चारही दुरुस्त करून घेतल्या, एकेक अक्षर तपासून.

खरं म्हणजे माझ्या वाक्यापेक्षा त्यांचं चांगलं आहे.

एकूण ४३ गेल्या. सूट कुणी मागितली नाही. एका बाईंनी पैसे दिले आणि पुस्तक घेतलंच नाही, म्हणाल्या मला वाचता येत नाही, तुझ्या बापाला आमी वळखत हुतो, कुणालातरी दे. चहा त्यांचाच होता.

घरी ४९ राहिल्यात. काल रात्री बसून सगळ्यांत पान ६१ वर पेनने दुरुस्ती केली. ज्या एकोणीस जणांना आधीच गेल्या त्यांनी कृपया स्वतः करून घ्यावी, ओळ खालून सातवी.

---

सोळापानी | मंगळवार, सकाळी ७:०५

दुसरी आवृत्ती निघाली तर ती दुरुस्ती माझ्याकडून मोफत. प्रकाशक तुमचा असो नाहीतर कुणाचाही.

---

तर्रीबाज | मंगळवार, सकाळी ८:४५

धागा तुटला तरी माग चालूच राहतो हे या संकेतस्थळाबद्दलही खरं आहे. रश्श्याचा धागा बघा.

---

खडूस_आजोबा | मंगळवार, सकाळी ११:२०

पान ६१ दुरुस्त केले. पान ११८ वर 'दीर्घ' मधला दी ऱ्हस्व पडला आहे, तोही केला. पुस्तक बरे आहे. मधे थोडे लांबले आहे. लेखिकेने फिरावे की नाही या मूळ प्रश्नावर: जिथे चुका काढणारे भेटतील तिथे फिरावे, शाल देणाऱ्यांकडे जाऊ नये.

---

मिनीमाऊ | मंगळवार, दुपारी १२:००

आजोबा, हे रील करू का? तुमच्या आवाजात?

---

खडूस_आजोबा | मंगळवार, दुपारी १२:०४

नाही.

---

क_वर्ग | पुढच्या महिन्यातला शनिवार, संध्याकाळी ५:१०

धागा वर आणतेय त्याबद्दल क्षमस्व. कांडीवाली, तुमचं पोस्टकार्ड मिळालं, मागवलेलं पुस्तकही आलं, दाखल नोंद केली, टेबलावर ठेवलं. पहिली वाचक पाच दिवसांत परत घेऊन आली. आज शेवटचं पान बघितलं. पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

"चांगली आहे. पण पान ६१ वर कुणीतरी पेनने खोडले आहे. वाचनालयाने जुनी पुस्तके घेऊ नयेत."